आदेशात तीन माणसं

ज्या वसतिगृहाची मी गृहपाल होते, त्यात त्या वर्षी एकही मुलगी राहत नव्हती. तालुक्याच्या गावी नवी इमारत झाली आणि मुली तिकडं गेल्या. कॉट, गाद्या आणि मी जुन्या इमारतीत राहिलो, कारण ती इमारत कुणाच्या ताब्यात द्यायची याचा निर्णय व्हायचा होता. गाव सांगली जिल्ह्याच्या वरच्या टोकाला, माण तालुक्याच्या हद्दीला लागून. पाऊस बेताचा, मेंढरं भरपूर, आणि घरटी एखादा पुरुष मुंबईला नाहीतर पलटणीत. मी माधवनगरची. सोमवारी एसटीनं यायचं, वसतिगृहातल्याच एका खोलीत राहायचं आणि शनिवारी घरी जायचं. सकाळी कुलूप काढायचं, खोल्या झाडून घ्यायच्या, हजेरीपटावर 'निरंक' लिहायचं. दीड वर्ष हे काम मी नियमित केलं.

एका मंगळवारी जिल्ह्याच्या कचेरीतून अव्वल कारकुनांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्याकडं जागा आहे ना?"

"बेचाळीस कॉट आहेत," मी म्हणाले.

"तीन लागतील. तात्पुरत्या."

"कुणासाठी?"

"अफगाणी आहेत," ते म्हणाले आणि जरा थांबले. "माणसं चांगली आहेत, असं कळतंय."

हकीकत अशी होती. मुलगा, सून आणि म्हातारी आई असे तिघं म्हातारीच्या हृदयाच्या उपचारासाठी मिरजेला आले होते. परदेशातून माणसं मिरजेला येतात, त्यात नवल काही नाही. ऑपरेशन झालं, म्हातारी चालायला लागली, परतीचं तिकीट काढायचं तेवढं राहिलं होतं, आणि तेवढ्यात त्यांच्या देशातलं सरकार गेलं. मुलगा तिथल्या रस्त्यांच्या खात्यात नोकरीला होता. नव्या सरकारला जुन्या सरकारचे नोकर नको होते, म्हणजे नुसते नोकरीत नको होते असं नाही. तो परत गेला नाही. मिरजेत खोली घेऊन राहिले. व्हिसा संपला, दिल्लीतल्या निर्वासितांच्या कचेरीचा एक कागद मिळाला, आणि तो कागद बघून घरमालकानं खोली खाली करायला सांगितली. लॉजवाले ठेवून घेईनात. तेव्हा हे तिघं सामान घेऊन जिल्ह्याच्या मोठ्या कचेरीच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, आणि चौथ्या दिवशी अव्वल कारकुनांना माझी आठवण झाली.

बुधवारी दुपारी पोलिसांची गाडी आली. मुलाच्या हातात फाईल होती. पस्तिशीचा असेल, दाढी बारीक कापलेली, चष्मा. बायको त्याच्याहून बरीच लहान, लांब कोट घातलेली. म्हातारी गाडीतून उतरली आणि कुणाकडं न बघता थेट वऱ्हांड्याच्या पायरीवर बसली. सामानात चार बॅगा आणि एक मोठा कुकर. हवालदारानं आधी कुकर उघडून बघितला. आत कांदे होते.

मी रजिस्टर काढलं. नाव, वय, इयत्ता, जात, प्रवर्ग, पालकांचा व्यवसाय असे रकाने. नाव आणि वय लिहिलं. इयत्तेच्या रकान्यात रेघ मारली. जात आणि प्रवर्ग कोरे ठेवले. पुढं एका तपासणीत 'रकाने रिक्त ठेवू नयेत' असा शेरा आला, तेव्हा मी दोन्हींत 'लागू नाही' असं लिहिलं. त्या माणसानं रजिस्टर उलटं असूनही वाचायचा प्रयत्न केला. त्याला मराठी येत नव्हतं, हिंदी बऱ्यापैकी येत होतं.

"मॅडम, यहाँ कितने दिन?"

मी आदेश दाखवला. "तात्पुरता. टेम्पररी."

त्यानं मान हलवली. "हमारे दफ्तर में भी टेम्पररी सबसे लंबा चलता था," तो म्हणाला. हे तो हसून म्हणाला नाही, माहिती म्हणून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत तीन माणसांची तीस झाली होती. संध्याकाळपर्यंत दोनशे येणार असं ठरलं. ते मेंढरं उचलणार, बोअरचं पाणी संपवणार, आणि मुंबईला गेलेल्या पुरुषांच्या माघारी गावात बायकाच राहतात हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं आहे. पाण्याचं म्हणणं अगदी खोटं नव्हतं. वसतिगृहाची टाकी ग्रामपंचायतीच्या लाइनवर होती आणि वरच्या आळीला आठवड्यातून तीन दिवस पाणी येत नसे.

नोटीस आधीच निघालेली ग्रामसभा त्याच आठवड्यात होती, तीत हाच विषय निघाला. पुढाकार घेतला तो एका निवृत्त सुभेदारांनी. वीस-बावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, सत्तरीच्या आतबाहेर, पांढरी विजार, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. गावात ते बोलायला उभे राहिले की माणसं तंबाखू मळायची थांबत. ते म्हणाले, "आमी कुणाच्या जातीधर्माला बोलत न्हाई. त्येंच्यावर वाईट येळ आली, ती कुणावर बी येती. पर सरकारनं आमाला इचारलं का? गावात नवा पोल रवायचा झाला तर ठराव लागतो. हितं परदेशातली माणसं आणून ठेवली आन् आमाला गिरणीत कळलं."

मला हे पटलं. मलाही फोनवरच कळलं होतं. मग ते माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, तुमचं काय म्हणणं हाय?"

मी उभी राहिले. "मी शासकीय कर्मचारी आहे," मी म्हणाले, "मला म्हणणं नसतं."

लोकांनी माना डोलावल्या. उत्तर सगळ्यांना रास्त वाटलं. मलाही त्या वेळी वाटलं. ठराव झाला, सह्या झाल्या, बायकांच्याही झाल्या, आणि विरोधासाठी एक समिती नेमून तिचे अध्यक्ष सुभेदारांना केलं.

त्यानंतरच्या सोमवारी मोर्चा निघाला. वसतिगृहाच्या फाटकासमोर पाऊण तास घोषणा झाल्या, मग सगळे ट्रॅक्टरनं तालुक्याला निवेदन द्यायला गेले. मी तिघांना मागच्या खोलीत बसवलं होतं. सून खिडकीच्या गजाला धरून उभी होती. ते काय म्हणतायत, असं तिनं विचारलं. "चले जाव", हे हिंदीतच होतं, ते सांगायची गरज नव्हती. बाकीच्या मराठी घोषणा पाण्याच्या होत्या. मी म्हणाले, "पानी का प्रॉब्लेम है." तिनं त्या दिवसापासून आंघोळीचं पाणी निम्मं केलं. हे मला बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं.

त्याच आठवड्यात अव्वल कारकुनांचा पुन्हा फोन आला. "मॅडम, एक अहवाल पाठवून द्या. गावात तणावाची परिस्थिती आहे, अनुचित प्रकार घडण्याची शक्यता नाकारता येत नाही, असा."

"तसा तणाव नाही," मी म्हणाले. "मोर्चा झाला. आता शांत आहे."

"लिहून ठेवा हो. उद्या काही झालं, तर आपण कळवलं होतं असं होतं. नाही झालं तर कोण वाचतंय?"

मी लिहिला. अक्षर चांगलं आहे माझं. 'सदर कुटुंबाच्या वास्तव्यामुळे गावातील सार्वजनिक शांततेस बाधा पोहोचण्याची शक्यता नाकारता येत नाही.' खाली सही केली आणि शिक्का मारला.

अहवाल गेला आणि बंदोबस्त आला. एक फौजदार, सात पोलीस, चार होमगार्ड. तिघांच्या रक्षणाला बारा जण. ते जेवणाच्या हॉलमध्ये उतरले. बारा कॉट लागल्या. टाकी दिवसातून दोनदा रिकामी होऊ लागली, तेव्हा वरच्या आळीतून दुसरं निवेदन आलं, ते पोलिसांच्या विरोधात. पंधरा दिवसांनी कुठंतरी निवडणूक लागली म्हणून सगळे गेले आणि एक महिला पोलीस तेवढी मागं राहिली. ती साताऱ्याकडची होती. धिप्पाड, बोलायला कमी, स्कूटीवरून यायची आणि फाटकाजवळच्या खोलीत बसायची.

सुभेदार मात्र रोज येत. समितीचा अध्यक्ष म्हणून पाहणी करणं आपलं काम आहे, असं त्यांचं म्हणणं. दहा वाजता यायचे, माझ्या भेट रजिस्टरवर वेळ टाकून सही करायचे, आणि त्या माणसाला वऱ्हांड्यात बोलावून घ्यायचे. पहिल्या दिवशी ते फौजेतल्या हिंदीत म्हणाले, "आप लोग का कागद दिखाव." त्यानं फाईल दिली. सुभेदारांनी चष्मा लावून प्रत्येक पान वाचलं. दुसऱ्या दिवशीही तेच कागद मागितले. तिसऱ्या दिवशी त्यानं न मागता फाईल आणून ठेवली आणि त्यांच्यासाठी चहा. दुधाशिवायचा, वेलदोडा घातलेला.

"ये क्या है?" सुभेदार म्हणाले.

"चाय."

"दूध किधर है?"

"हमारे यहाँ नहीं डालते."

सुभेदारांनी तो पूर्ण प्यायला. जाताना मला म्हणाले, "आजारी माणसाला देत्यात तसला चा हाय." पण दुसऱ्या दिवशी आले ते सव्वादहाला आणि त्यांनी चहाची वाट बघितली. कागद बघून झाले की ते त्याला रस्त्यांबद्दल विचारत. बर्फात डांबर कसं टिकतं, घाटात दरड आली तर कोण काढतं. तो सांगे. हे दोघं तासभर बसत आणि मग सुभेदार घरी जाऊन तहसीलला नवीन अर्ज लिहीत, की सदर कुटुंब अद्याप हलवलेलं नाही. अर्जाची एक प्रत ते मलाही देत. ती मी फाईलला लावत असे.

दगड आला तो एका गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमाराला. वीज गेली होती, ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. म्हातारी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बसून ताटात तांदूळ निवडत होती. काच फुटल्याचा आवाज मी ऑफिसात ऐकला आणि धावले. दगड तिच्यापासून हातभर अंतरावर पडला होता, मुठीएवढा. ताटातल्या तांदळात काचेचे तुकडे होते आणि ती ते खड्यांसारखे एकेक वेचून बाजूला ठेवत होती. मुलानं येऊन ताट काढून घेतलं. तेव्हा ती फरशीवरचे तुकडे वेचायला लागली. महिला पोलीस फाटकाबाहेर पळाली, पण कोण दिसणार?

मी सुभेदारांना फोन केला. का केला, पोलिसांना करायचा तर यांना का, हे मला सांगता येणार नाही. ते दहा मिनिटांत आले, टोपी न घालता. खिडकी बघितली, दगड हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं.

"आमचा विरोध हाय," ते म्हणाले. "पर दगड ठरावात न्हवता."

मग ते गेले आणि घरून लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. ती फाटकात मांडली आणि बसले. त्या दिवसापासून पुढं कित्येक महिने ते रोज दहा ते पाच तिथं बसत, मध्ये जेवायला तासभर जात. येणाराजाणारा विचारी, "आवं सुभेदार, तुमी हितं?" तर म्हणत, "समितीचं काम हाय." तहसीलचे अर्जही आता ते तिथंच मांडीवर पॅड घेऊन लिहीत. दगड कुणी मारला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पुन्हा मात्र कुणी मारला नाही.

सून पोटुशी आहे हे माझ्या पहिल्या महिन्यातच लक्षात आलं होतं, ते त्या लांब कोटामुळं नव्हे, तर कोट काढल्यावर. मी तिला गावातल्या आशा कार्यकर्तीकडं नेलं, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नाव घातलं. तिथं कुणी नको ते विचारलं नाही. नर्सबाई एवढंच म्हणाल्या, "आधार नसंल तर राहू दे, पोट तर दिसतंय."

दिवस भरले ते बाजाराच्या दिवशी, सकाळी अकराला. रुग्णवाहिकेला फोन केला तर गाडी दुसऱ्या गावाला गेलेली, दीड तास लागेल म्हणाले. नवरा दिल्लीच्या कागदासाठी आदल्या दिवशीच सांगलीला गेलेला, आणि बाजार म्हणून सुभेदारही सकाळीच तालुक्याला गेलेले. कळा लागोपाठ येत होत्या. महिला पोलीस फाटकात उभी राहून विचार करत होती. तिला जागा सोडायची परवानगी नव्हती, आणि परवानगी देणाऱ्या साहेबांचा फोन लागत नव्हता.

मग ती म्हणाली, "माझा बंदोबस्त बिल्डिंगवर न्हाई, मॅडम, ह्यांच्यावर हाय. ह्या जातील तिथं मी." आणि तिनं रस्त्यात जाऊन वडाप अडवलं.

वडापची जीप बाजाराला निघालेली, आत-बाहेर मिळून पंधरा-सोळा माणसं, टपावर दोन, मागं एक शेळी. ड्रायव्हर म्हणाला, "फुल्ल हाय गाडी." ती म्हणाली, "रिकामी कर." पुरुष उतरले. शेळीवाला शेळी घेऊन उतरला. मधल्या बाकावरच्या चार बायका मात्र उतरेनात. मी त्यांना ओळखत होते. चौघींच्याही सह्या ठरावावर होत्या आणि एक जण तर मोर्च्यात पुढं होती.

"आमी न्हाई उतरत," ती म्हणाली. "बाजार उठंल. ती काय आमच्या मांडीवर बसनार हाय का?"

तसंच झालं. सून अर्धी बाकावर आणि अर्धी तिच्या मांडीवर बसली. म्हातारी पुढं ड्रायव्हरशेजारी, मी आणि महिला पोलीस मागच्या बाजूला. सतरा किलोमीटरचा रस्ता, त्यातले सहा खडीचे. पहिला किलोमीटर चौघी बाहेर बघत होत्या. मग कळ आली आणि सुनेनं त्या बाईचा हात धरला. बाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं.

"पयलंच हाय व्हय?" तिनं मला विचारलं.

"पहिलंच."

"तरीच. अगं, दम आत नगं धरूस. सोड. असा सोड." आणि तिनं स्वतः फुंकर मारून दाखवली. सूनही तशी फुंकर मारायला लागली. बाकीच्या तिघींनी पिशव्या पायाखाली सरकवल्या. एकीनं ड्रायव्हरला सांगितलं, "गाडी खड्ड्यातनं घालू नगंस, तुझ्या आयला बी असंच आनलं हुतं." दुसरी म्हणाली की तिची थोरली लेक तर वडापमध्येच झाली, खंडोबाच्या वळणावर. हे ऐकून ड्रायव्हरनं गाडी वळणावर अगदी सावकाश घेतली. म्हातारी पुढं बसून सारखी काहीतरी पुटपुटत होती. आम्हाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण चौघी बायका मध्येमध्ये "व्हय, व्हय" म्हणत होत्या.

रुग्णालयात पोचल्यावर वीस मिनिटांत मुलगी झाली. बायका बाजाराला गेल्या होत्या. चार वाजता परत आल्या, बाळ बघितलं, खारीक आणि सुंठ दिली, आणि त्याच वडापनं गावाला गेल्या. पाचव्या दिवशी त्या वसतिगृहात आल्या. पाचवीची पूजा करायची म्हणाल्या. मी म्हणाले, यांच्यात नसते. त्या म्हणाल्या, आमच्यात असते की. पाटा-वरवंटा वसतिगृहात होताच. पूजा झाली, म्हातारीनं सगळ्यांना तो दुधाशिवायचा चहा दिला. जाताना जिच्या मांडीवर सून बसली होती, त्या बाईनं मला हळूच विचारलं, "मग ही जाणार कवा?"

"अजून काही कळवलेलं नाही," मी म्हणाले.

"बाळ पाच महिन्याचं हुईस्तवर नगं हलवायला," ती म्हणाली. "बाकी आमचं म्हणणं हाय तेच हाय."

आता अडचण अशी झाली की आदेशात तीन माणसं होती आणि इमारतीत चार. महिला पोलिसाला रोज संध्याकाळी संख्या कळवावी लागे. तिनं चार कळवली. दुसऱ्या दिवशी मला पत्र आलं: 'आदेशान्वये तीन व्यक्तींच्या निवासास मान्यता असताना चार व्यक्ती वास्तव्यास असल्याचे निदर्शनास आले आहे. वाढीव व्यक्तीबाबत तात्काळ खुलासा सादर करावा.' मी खुलासा लिहिला: 'सदर वाढीव व्यक्तीचा जन्म झालेला आहे.' त्यावर उलट पत्र आलं की, जन्मापूर्वी पूर्वपरवानगी घेण्यात आली होती किंवा कसे. हे पत्र मी सुभेदारांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि परत दिलं. त्या महिन्याचा त्यांचा अर्ज आला नाही. तब्येत बरी नव्हती, असं म्हणाले.

नंतरचे काही महिने चांगले गेले. लिहिण्यासारखं फारसं काही घडलं नाही म्हणूनच चांगले म्हणते. मी शनिवारी माधवनगरला जायचे आणि रविवारी दुपारीच मला परत यावंसं वाटायचं. घरच्यांना मी त्याचं कारण एसटीचं वेळापत्रक सांगितलं. सून मला मराठी आकडे म्हणून दाखवायची, मुलगी उपडी पडायला लागली होती, आणि तो माणूस मला आमच्याच परिपत्रकांचे अर्थ विचारून विचारून मराठी वाचायला शिकला होता.

मग हलवण्याचा आदेश आला. तो त्यानंच आधी वाचला, कारण पोस्टमननं तो त्याच्या हातात दिला. मी बाहेर आले तेव्हा तो एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत होता. ग्रामस्थांची मागणी आणि सार्वजनिक शांततेचा विचार करता सदर कुटुंबास अठ्ठेचाळीस तासांत दिल्लीकडे रवाना करावं, असं त्यात होतं. मागणी आठ महिन्यांपूर्वीची होती. वर संदर्भ दिले होते: पहिला, ग्रामसभेचा ठराव. दुसरा, गृहपाल यांचा अहवाल.

"गृहपाल कौन है?" त्यानं विचारलं. शब्द त्याला माहीत होता, माझ्या टेबलावर पाटीच होती. त्याला माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"मैं," मी म्हणाले.

त्यानं पुन्हा कागदात बघितलं. "रिपोर्ट की तारीख क्या है?"

"आप लोग आए, उसके दूसरे हफ्ते की."

त्यानं कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "दूसरे हफ्ते में मैं भी यही लिखता." आणि बॅगा काढायला आत गेला. त्याच्या बायकोला त्यानं सांगितलं असावं. ती त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. मुलीला माझ्या हातातून घेतलं, तेही हळूच, पण घेतलं.

सुभेदार आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सांगलीला गेलो. अव्वल कारकून जागेवर होते. सुभेदार म्हणाले, "साहेब, आमचा विरोध मागं घ्यायचा हाय."

"आता मागणी मान्य झाली आहे," कारकून म्हणाले.

"तीच अमान्य करा."

"मान्य झालेली मागणी मागं घ्यायची तरतूद नाही. तुम्ही नवीन ठराव आणू शकता. ग्रामसभा घ्या."

"ग्रामसभेला सात दिवसांची नोटीस लागती."

"हो, ती लागते," कारकून म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी आम्हाला पाणी दिलं.

मी म्हणाले, "माझा अहवाल जुना आहे. आता परिस्थिती तशी नाही, असा नवीन देते."

"अवश्य द्या," ते म्हणाले. मी तिथंच बसून लिहिला. पूर्वीचा अहवाल मी सांगण्यावरून लिहिला होता, हेही त्यात लिहिलं. त्यांनी ते वाचलं, माझ्याकडं बघितलं, आणि आवकचा शिक्का मारून पोच दिली. परतीच्या एसटीत सुभेदार खिडकीबाहेर बघत होते. विट्याच्या पुढं आल्यावर म्हणाले, "फौजेत एक बरं असतं. हुकूम आला का वाईट वाटून घ्यायला येळच मिळत न्हाई." मला वेळ मिळाला होता.

शुक्रवारी सकाळी गाडी आली. जीपमधल्या चौघींपैकी तिघी आल्या होत्या, चौथी लेकीकडं गेली होती. सुभेदारांनी त्या माणसाशी हात मिळवला आणि "रास्ते में कागद संभालके रखना," असं सांगितलं. म्हातारीनं माझं डोकं खाली ओढून कपाळाचा मुका घेतला. तिला त्या अहवालाचं कुणी सांगितलं नसावं, किंवा सांगितलं असावं. सून गाडीत बसून समोर बघत राहिली. गाडी निघाल्यावर मी हजेरीपट काढला आणि त्या दिवसाची नोंद केली. माझ्या दुसऱ्या अहवालावर उत्तर आलं नाही. मीही स्मरणपत्र दिलं नाही, कारण ज्यांच्यासाठी ते द्यायचं, ते गेले होते.

सुभेदार मागच्या वर्षी गेले. माझी बदली झाली होती, मी दहाव्याला गेले होते.

यंदा हिवाळ्यात एका सकाळी परदेशी नंबरवरून फोन आला. सून होती. दिल्लीत दीड वर्ष काढून ते एका थंड देशात गेले होते. सासू दिल्लीतच वारली. हिंदी ती बरंच विसरली होती, अडखळत बोलत होती. मुलगी आता शाळेसारखं काही असतं तिथं जाते म्हणाली. मी तिला म्हणाले की मी एक चुकीचा कागद लिहिला होता. तिनं "हाँ" म्हटलं. एवढंच. मग तिनं मला सुभेदारांबद्दल विचारलं आणि मी सांगितलं.

ते एका जुन्या हॉटेलात राहतात. तिथल्या सरकारनं अशा पुष्कळ कुटुंबांना त्यात ठेवलं आहे. ती म्हणाली, शनिवारी लोक हॉटेलासमोर पाट्या घेऊन उभे राहतात.

"क्या लिखा रहता है?" मी विचारलं.

"मेरे को नहीं आता पढ़ना," ती म्हणाली. "ये पढ़ते हैं, बताते नहीं."

मी तिला सांगितलं की थंडी वाढली की लोक कमी होतील. तिथल्या थंडीची मला काहीच माहिती नव्हती.